कोस्रायचं एक मत

१

सोमवारी सकाळी संसदभवनावर झेंडा चढायच्या आतच चार बेट-राज्यांच्या देशाच्या राजधानीत, पालिकिरमध्ये, बातमी येऊन थडकली. कोस्राय राज्याचे सेनेटर शिरो तुलेंस्रू खारफुटीत मेलेले सापडले होते. होडी चिखलात रुतलेली, तिच्या शेजारी ते पालथे, मनगटाला मासेमारीची दोरी गुंडाळलेली. डोक्याच्या मागच्या बाजूला खोल जखम होती.

सेपे तिथे पोहोचली तेव्हा प्रेत काठावर आणून ठेवलं होतं आणि भोवती बघ्यांची ही गर्दी. सेपे संसदेची सुरक्षाप्रमुख. तिची सत्ता सभागृहाच्या दारापुरती, खारफुटीत तिला कोण विचारतो! पण शिरो तिच्याच मालेम गावचे, लहानपणापासून ती त्यांना मामा म्हणत आली होती. तिने अंगातलं जाकीट काढून त्यांच्या तोंडावर पांघरलं आणि गर्दीकडे असं काही पाहिलं की पुढची माणसं आपसूक मागे सरली.

इन्स्पेक्टर एवाल्त इथला, पोनपे बेटाचा; सरळ माणूस. त्याने होडीतून एक वल्हं उचलून तिच्यापुढे धरलं. मुठीला निळा रंग होता आणि खाली कोरलेला क्रूस. इथे राहणारा कुठलाही कोस्रायकर ते वल्हं डोळे मिटून ओळखेल. ते केफास लिकिआक यांचं होतं.

कोस्रायचे सेनेटर दोनच. एक मेले होते आणि दुसऱ्याचं वल्हं होडीत सापडलं होतं.

"बुधवारी तुमचं मतदान आहे ना?" एवाल्तने विचारलं.

सेपेने नुसती मान हलवली. 

२

भानगड समजायला सोपी होती, म्हणून तर सेपेला तिचा जास्त संताप यायचा. घटनेने समुद्राची वाटणी करून ठेवली आहे. बारा मैलांपर्यंतचं पाणी ज्या त्या राज्याचं, त्याच्या पलीकडचं संसदेचं. ट्यूना मासा काही घटना वाचत नाही. तो पलीकडे फिरतो आणि कोस्रायच्या होड्या आजे-पणज्यांच्या काळापासून त्याच्यामागे पलीकडे जात आल्या आहेत. तेच पाणी वीस वर्षांसाठी एका परदेशी कंपनीच्या हवाली करायचं विधेयक आलं होतं. यापुढे तिथे गळ टाकायचा तर कोस्रायच्या माणसाने कंपनीचा परवाना काढायचा. बदल्यात कोस्रायला काय, तर एक इस्पितळ.

पहिल्या वाचनाला सदस्यांची डोकी मोजतात. तिथे मोठ्या राज्यांनी धाकट्यांना हां हां म्हणता चिरडलं. पण शेवटच्या वाचनाला डोकी नाही, राज्यं मोजतात. लहान असो की मोठं, एका राज्याला एक मत, आणि चारांतली तीन मतं मिळाल्याखेरीज कायदा होत नाही. दोन राज्यं हो म्हणत होती, तिसरं, याप, नाही म्हणत होतं. राहिलं कोस्राय. तिथल्या दोघांचं एकमत होईल तेव्हाच राज्याचं मत पडणार. आणि केफास हो म्हणत होते, शिरो नाही. दोघांचं जमत नव्हतं म्हणून विधेयक आडवं पडलं होतं, आणि सेपे मनातल्या मनात शिरोमामांना रोज दुवा देत होती.

आता केफास एकटेच उभे राहून कोस्रायचं मत देऊ शकत होते. शेंबड्या पोराला कळावा इतका हेतू स्पष्ट. अधिवेशन चालू असताना सदस्याला किरकोळ आरोपावर हात लावता येत नाही, पण खुनाला ती सवलत नाही. दुपारच्या आत एवाल्तने केफासना सभागृहाच्या दारातूनच ताब्यात घेतलं.

दार अर्थातच सेपेने उघडलं. तिच्यासमोर येताच केफास थांबले. भला थोरला देह, चर्चमध्ये प्रवचन सांगणारा आवाज. तो आज बसला होता.

"सेपे, शिरो माझ्या बाजूला आला होता," ते म्हणाले. "शुक्रवारीच त्याने मला हो म्हटलं होतं."

मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं. सेपेला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिने दार जरा जास्तच जोरात लावलं.

३

शिरो पालिकिरजवळच्या कोलोनिया गावात भाड्याच्या घरात राहत. बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. सोबतीला बहिणीचा मुलगा अलिक्सा. तोच त्यांचा सहायक, तोच त्यांची भाषणं लिहून देणारा, आणि चर्चच्या गायकांमध्ये त्याचा आवाज सगळ्यात वरचा. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. सेपेने त्याला जवळ बसवून सगळं विचारून घेतलं.

शनिवारी मामा ठणठणीत होते, तो म्हणाला. दिवसभर भाषणाची तयारी करत होते, रात्री गाणी गुणगुणत झोपले. रविवारी पहाटे एकाएकी ताप चढला, म्हणून चर्चला आले नाहीत. लोक भेटायला येतो म्हणत होते, त्यानेच सांगितलं की झोपू द्या त्यांना. संध्याकाळी ताप उतरला, थोडा टारोचा कंद खाल्ला. आणि सोमवारी उजाडायच्या आधी केफास दारात आले. चल, पाण्यावर जाऊन बोलू, म्हणाले. मामा गेले.

यात खटकण्यासारखं काही नव्हतं. रविवारी कोस्रायचा माणूस होडी पाण्यात लोटत नाही, चूल पेटवत नाही, पोहतसुद्धा नाही. तो दिवस देवाचा. रविवार सरला की अंधारातच होड्या सुटतात, हे सेपेने जन्मापासून पाहिलेलं. प्रेत तपासणारे डॉक्टर तर म्हणालेच होते, या उकाड्यात आणि खाऱ्या पाण्यात राहिलेल्या देहावरून मृत्यूची वेळ नक्की सांगता येणार नाही. एवाल्तने सोमवारची पहाट धरली. त्या वेळी केफास घरात एकटेच झोपले होते म्हणे.

बोलणं चालू असतानाच कोस्रायहून अलिक्साला गव्हर्नरांचा फोन आला. शिरोंची मुदत वर्षाच्या आत संपणार होती. एवढ्या थोड्या काळासाठी घटना पोटनिवडणूक मागत नाही, राज्याचा गव्हर्नरच माणूस नेमतो. गव्हर्नरांना दुसरं नाव सुचलंही नाही. मामांचं काम भाच्याने पुढे न्यावं. बुधवारी सकाळी शपथ, लगेच मतदान.

"एक मैलसुद्धा देणार नाही, ताई," अलिक्सा म्हणाला.

सेपेने त्याच्या पाठीवर हात ठेवला. सकाळपासून पहिल्यांदा तिला जरा बरं वाटलं. केफास कोठडीत, अलिक्सा सभागृहात. कोस्राय नाही म्हणणार आणि समुद्र वाचणार. शिरोमामांचा जीव अगदीच फुकट गेला नाही, असं तिने स्वतःला समजावलं.

रात्री मात्र ते निळ्या मुठीचं वल्हं तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

४

मंगळवारी ती कोठडीत गेली. भांडायलाच गेली होती.

"काका, लाज नाही वाटली? प्रवचनं सांगता तुम्ही."

"आधी ऐकून घे, मग शिव्या दे."

"सांगा. तेवढ्यासाठीच आलेय."

केफास सांगू लागले. शुक्रवारी चर्चच्या मागे दोघं बसले होते. शिरो बायकोबद्दल बोलत होते. तिचं मूत्रपिंड गेलं, कोस्रायला यंत्र नाही, मनिलाच्या विमानाची वाट बघता बघता ती गेली. घटनेने ते पाणी आपल्याकडे ठेवलेलंच नाही, शिरो म्हणाले, ते संसदेचं आहे आणि संसद ते आज ना उद्या कुणाला तरी देणार. मग निदान इस्पितळ तरी पदरात पाडून घेऊ. अलिक्साला आजच सांगतो आणि भाषण बदलायला लावतो, असं म्हणून ते घरी गेले.

सेपेचा पारा चढला. केफासवर चढला, आणि मेलेल्या मामांवरही चढला. तिचा बाप त्या पलीकडच्या पाण्यावर जगला होता. पण बायकोला मरताना पाहिलेल्या नवऱ्याचं हे बोलणं केफासना जमवून सांगता आलं नसतं, तेवढी कल्पकता त्या माणसात नव्हती.

"आणि वल्हं?"

"आपल्या लोकांच्या होडीघरात असतं. सगळ्यांची वल्ही तिथेच असतात. तुझंही आहे."

बाहेर पडून ती चालत सुटली. केफासना शिरो नको होते असं धरलं, तर नुसते बुडाले एवढं पुरे होतं. अपघात म्हणून सगळं मिटलं असतं आणि बुधवारी केफास ऐटीत सभागृहात बसले असते. स्वतःच्या खुणेचं वल्हं प्रेताजवळ टाकून येण्याइतका हा माणूस खुळा नाही. वल्हं ज्याने टाकलं त्याला अपघात नकोच होता. त्याला खून दिसायला हवा होता, कारण खुनाशिवाय दुसरा सेनेटर सभागृहाबाहेर राहत नाही. कुणाला तरी कोस्रायच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या हव्या होत्या.

आणि दोन्ही रिकाम्या झाल्या तर कोस्रायच्या वतीने कोण बोलणार होतं, हे गव्हर्नरांनी कालच तिच्यासमोर फोनवर सांगितलं होतं.

नाही, असं ती मोठ्याने म्हणाली. रस्त्यावरच्या बाईने वळून पाहिलं. तो पोरगा आपल्या बाजूचा आहे. तो नाही.

५

मामांना दफनाच्या वेळी घालायचा सदरा आणायला ती कोलोनियाच्या घरी गेली. अलिक्सा शपथविधीच्या तयारीला गेला होता. घरमालकीण दोलोरिना आवारात दगडांची भट्टी साफ करत होती. पोनपेची बाई, जीभ सैल, मनाने लोण्यासारखी.

"भले होते गं तुझे मामा," डोळे पुसत ती म्हणाली. "पण तुम्हा लोकांचं ते रविवारचं सोवळं! मला मेलीला कधी कळलंच नाही. दर शनिवारी माझ्या भट्टीत आपल्या दोन टोपल्या कोंबायच्या. रविवारचं जेवण म्हणे शनिवारीच भाजून ठेवायचं. माझ्या घरच्यांना जागा उरायची नाही."

सेपे कशीबशी हसली. तिच्याही घरी तेच चालायचं. टारो, भाजलेला नीरफणस, केळीच्या पानात बांधलेला मासा. शनिवारी सगळं शिजवायचं, रविवारी थंडच खायचं.

"या शनिवारी मात्र बरं झालं," दोलोरिना सांगत होती. "पोरगा दुपारी एकच टोपली घेऊन आला. मोकळ्या जागेत मी डुकराची तंगडी भाजली. छान झाली होती. तुझ्या मामांनाही रविवारी पाठवणार होते, पण आजारी आहेत असं चर्चहून आलेल्यांनी सांगितलं."

सेपे तिच्या अगदी जवळ गेली.

"एकच टोपली? नीट आठवून सांगा, मावशी."

"अगं, मी विचारलंसुद्धा, दुसरी कुठाय. तर म्हणाला, एवढी पुरे."

दोलोरिनाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. एवाल्तलाही दिसलं नसतं. त्यांच्याकडे भूक लागली की चूल पेटते. पण शनिवारी दुपारी न शिजवलेलं अन्न कोस्रायच्या घरात रविवारी कुठूनही येत नाही. शनिवारी मामा ठणठणीत होते, हे अलिक्सानेच सांगितलं होतं. मग रविवारी ते जेवणार नाहीत, हे त्याला शनिवारी दुपारी कसं कळलं?

ती सदरा न घेताच तिथून निघाली. 

६

बुधवारी सकाळी सभागृहाबाहेरच्या लहान खोलीत अलिक्सा एकटा बसला होता. अंगावर मामांचा कोट. सेपेने आत जाऊन दार लावलं. एवाल्तला तिने आदल्या संध्याकाळीच होडीघर बघायला सांगितलं होतं, आणि का ते सांगितलं नव्हतं. आता तो बाहेर उभा होता. जुन्या शिडाखालच्या फळ्या रक्ताने काळ्या पडल्या होत्या, हे त्याने तिला नुकतंच कळवलं होतं.

"शनिवारी दोलोरिनामावशीच्या भट्टीत एकच टोपली का ठेवलीस?" तिने विचारलं.

"मामांना बरं नव्हतं, ताई."

"ताप रविवारी पहाटे चढला ना? तूच म्हणालास."

त्याने मामांच्या कोटाचं बटण लावलं आणि पुन्हा सोडलं. रविवारचे घास शनिवारीच मोजले जातात, हे दोघांनाही माहीत होतं.

"त्यांनी समुद्र विकला," शेवटी तो म्हणाला. रडला नाही. "शुक्रवारी मला म्हणाले, भाषण बदल. इतकी वर्षं मी लिहिलेलं एकेक वाक्य त्यांनी असं सहज पुसून टाकलं. मी खूप समजावलं त्यांना. पाया पडलो."

"आणि मग दुसऱ्या दिवशी एकाच माणसाचं शिजवलंस."

"ते अन्न वाया गेलं असतं."

 शनिवारी संध्याकाळी याने मामांना होडीघरात नेऊन वल्ह्याने मारलं, शिडाखाली झाकलं, आणि रविवारी चर्चमध्ये वरच्या आवाजात गायला. रविवार पाळला! देवाच्या दिवशी होडी लोटायची नाही म्हणून सोमवारच्या पहाटेपर्यंत थांबला, आणि मग प्रेत बाहेर काढलं.

"ताई, दुपारपर्यंत थांब," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तेवढंच मागतो. मला आत जाऊ दे, नाही म्हणू दे. बाहेर आलो की घाल बेड्या, मी पळणार नाही. तुला केफासकाका आत यायला हवेत का? ते हो म्हणतील. तुझ्या वडलांचं पाणी जाईल. पुरती वीस वर्षं जाईल."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. सेपेला ते दुपारपर्यंतचे तास हवे होते. इतके हवे होते की ते कसे मिळवायचे हेही तिने मनात मांडून पाहिलं. एवाल्तला चहा पाजत बसवलं तरी भागलं असतं. कोणी तिला दोष दिला नसता, मालेममध्ये तर खांद्यावर घेऊन नाचले असते.

"दोन माणसं पाठवली होती आपल्या लोकांनी," ती म्हणाली.  "भांडा, पटवा, नाहीच जमलं तर पुढच्या निवडणुकीत आम्ही पाडू, असं म्हणून. तू वल्हं उचललंस आणि सगळ्या बेटाच्या वतीने ठरवून मोकळा झालास. पाणी मलाही हवं होतं रे. तुझ्याइतकंच हवं होतं."

तिने दार उघडलं आणि एवाल्तला आत बोलावलं.

७

केफासना कोठडीतून थेट सभागृहात आणलं. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. प्रेक्षकांच्या बाकावर कंपनीचा माणूस पांढऱ्या बुटांत पाय हलवत बसला होता. त्याला कोणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्याने काही केलंच नव्हतं.

सभापतींनी राज्यांची नावं पुकारली. पहिली दोन हो. याप नाही. मग कोस्रायचं नाव आलं. केफास उठले. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं. दारात उभी असलेली सेपे त्यांच्याकडे पाहत राहिली. आपण कशाची आशा करतो आहोत हे तिला कळत होतं, आणि त्याचाही तिला राग आला.

"कोस्राय, हो," केफास म्हणाले.

कायदा झाला. टाळ्या पडल्या, थोड्याशा. कंपनीचा माणूस उठून हात मिळवत फिरू लागला. दार उघडणं सेपेचंच काम होतं, तिने ते उघडलं आणि एकेकाला बाहेर जाऊ दिलं.

केफास सगळ्यांच्या शेवटी आले. तिच्यापुढे थांबले. 

"शिरोने शुक्रवारी हेच सांगितलं होतं, सेपे. मी त्याचाच शब्द पाळला."

"माहीत आहे."

"तुला वाटलं असेल, कोठडीतून सोडवलंस तर मी बदलेन."

"नाही वाटलं," सेपे म्हणाली. "तुम्ही हो म्हणणार हे ठाऊक असूनच सोडवलं."

 तिने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि त्यांच्या हातात ठेवला.

"हे सभापतींना द्या. आजपासून मी नोकरीत नाही. मार्चमध्ये निवडणूक आहे, आणि नोकरीत राहून ती लढवता येत नाही. मालेमपासून सुरुवात करीन, काका. दारोदार जाईन, आणि तुम्ही आज काय विकलंत ते एकेका घरात सांगेन."

केफासनी किल्ल्या मुठीत धरल्या.

"ये," ते म्हणाले. "मीही येईन प्रत्येक घरात. शिरोची बायको कशाने मेली ते त्याच्या वतीने सांगायला."

"या की," सेपे म्हणाली, आणि त्यांच्या अंगावरून पुढे निघून गेली.